तळ्याकाठचे आभाळ



कास म्हटले की आपणां सातारकरांना दोन गोष्टी आठवतात: सड्यावरची फुले आणि घरच्या नळाचे पाणी. तलावावरचे आभाळ पाहावयास मुद्दाम कोणी जात नाही. आम्ही छायाचित्रणाचा नाद असलेली चार मंडळी मात्र बाराही महिने यवतेश्वराचा घाट चढून त्या काठावर जात असतो.

पुष्कळांची समजूत अशी की, ढगांचे चित्र घ्यावयाचे तर आषाढात जावे. आषाढात कासला ढग दिसतच नाहीत, कारण आपण ढगाच्या पोटात उभे असतो! समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि सड्यावर धुके बसते. सारा दिवस भिंग पुसण्यात जातो. श्रावणात धुके फाटते व ऊनसावली पाण्यावरून पळू लागते. मार्गशीर्षात पहाटे पाण्यावर वाफ तरंगते. आभाळ मात्र तेव्हा बहुधा कोरे.

खरे नाट्य या दिवसांतले, वळिवाचे. तापलेल्या जमिनीवरची हवा दुपारी वर उसळते. पूर्वेला कापसाच्या बोंडाएवढा ढग दिसतो, पाहता पाहता त्याचा मनोरा होतो आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. सूर्य तोवर पश्चिमेला कललेला असतो; म्हणून ढगाचा माथा उजळ आणि बूड काळेभोर. सर ओसरल्यावर इंद्रधनुष्यही तिकडेच, सूर्याच्या बरोबर समोर. पाठीवर ऊन घेऊन उभे राहिले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे म्हणजे उजेडाचा हिशेब. आभाळ लख्ख, काठ काळा. दोन्ही एका चित्रात धडपणे उतरत नाहीत. आम्ही माप आभाळावरून घेतो आणि काठाला काळा होऊ देतो. तळ्याचे पाणी येथे मदतीला येते, कारण पाण्यातले प्रतिबिंब वरच्या आभाळाहून मंद असते आणि काळ्या काठालगत थोडा उजेड आणते. कृष्णधवल फिल्म वापरणाऱ्यांनी भिंगावर पिवळी किंवा नारिंगी काच चढवावी. निळाई गडद होते व पांढरा ढग उठून दिसतो.

हा पेच जुना आहे. पूर्वीच्या काचांना निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे जमीन वा समुद्र नीट आला तर आभाळ पांढरेफटक येई. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे करताना काही वेळा पाणी एका काचेवरचे आणि ढग दुसऱ्या काचेवरचे जोडले. त्याचा नाइलाज होता. आज मोबाइलवर बोट फिरवून कासवर परदेशातला सूर्यास्त बसविता येतो. त्यात कसला नाइलाज?

कोणी म्हणेल, चित्र सुंदर झाले ना, मग बिघडले काय? बिघडते असे की, तळ्याचे चित्र ही नोंदही असते. कासची भिंत अलीकडे उंच झाली, पाणी वर चढले आणि आपल्या लहानपणीचा काठ बुडाला. तो आता जुन्या फोटोंतच पाहावयाचा. त्या फोटोवर तारीख नसेल, आभाळ उसने असेल, तर ऋतू कोणता आणि पाणी कोठवर होते, हे कोणास विचारावे?

कासवरून पुढे बामणोलीला उतरले की कोयनेचा शिवसागर लागतो. तेथे श्रावणात ढग दाटले की आम्हांला चित्र सुचते. खाली सांगलीकर आयर्विन पुलाजवळची पातळी विचारू लागतो. कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि ते पाणी त्याच्या दारावरून जाते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसासमोर शिवसागरावर खोटे ढग मांडणे, ही आमच्या मते थट्टाच होय.

तेव्हा ज्यांना हौस असेल त्यांनी या आठवड्यात चारच्या आत कासला पोहोचावे. फोटोमागे दिवस आणि वेळ लिहून ठेवावी. आणि गडगडाट कानी आला की कॅमेरा आवरून मोटारीत बसावे. उघड्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो.