मीटर कोणाच्या नावावर आहे?

(दोडामार्ग येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



दोडामार्गात विजेबद्दल बोलायचं तर तिलारी आधी आठवते. घाटावरून उतरणाऱ्या पाण्यावर कोनाळकट्ट्याच्या वीजघरात वीज तयार होते. कोळसा न जाळता वीज, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आता तेच काम आपल्या घराचं छप्पर करू शकतं.

2030 पर्यंत कोळसा-तेलाशिवायची 500 गिगावॅट क्षमता उभी करायचं देशाचं उद्दिष्ट आहे. मोठे सोलर पार्क भराभर झाले, मागे राहिली ती घरं. 2022 पर्यंत छपरांवर 40 गिगावॅट करायचं ठरलं होतं, ते जमलं नाही. मग फेब्रुवारी 2024 मध्ये एक कोटी घरांसाठी पीएम सूर्यघर योजना आली. 3 किलोवॅटला साधारण दीड-दोन लाख खर्च येतो, त्यात 78 हजार अनुदान.

"आपल्याकडे चार महिने पाऊस, सोलर काय कामाचं?" हे मला नेहमी ऐकायला मिळतं. नेट मीटरचा हिशोब मार्चअखेर मिटतो. एप्रिल-मेच्या कडक उन्हातले जादा युनिट खात्यात जमा राहतात आणि पावसाळ्यात वापरता येतात. खरी अडचण फणसाच्या सावलीची. एका पॅनलवर सावली पडली की त्याच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्यांचंही उत्पादन घसरू शकतं. जागा बघूनच पॅनल लावा.

पण अर्ज अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. लाईटबिल आजोबांच्या नावावर, घर सामाईक, एक चाचा गोव्यात, एक आखातात. अर्जदाराचं नाव बिलावर हवं आणि छपरावर त्याचा हक्क हवा. मग घाईघाईने वारस नोंदीचं निघतं, आणि फुफूला सांगतात, "फक्त एक सही कर, सोलरसाठी आहे." तो कागद हक्कसोडपत्र असेल तर तिचा हिस्सा गेला. शरियतने दिलेला वाटा 78 हजारांसाठी काढून घ्यायचा? मीटरवर नाव बदलायला संमतीपत्र वेगळं, मालकी सोडणं वेगळं. कागद तिला वाचून दाखवा. तिची इच्छा असेल तर मीटर तिच्याच नावावर करा.

दुसरी अडचण व्याजाची. बँक कर्ज देते, पण आपल्यातले बरेच जण ते घेणार नाहीत. अनुदान सोलर बसल्यानंतर खात्यात येतं, म्हणजे मधल्या काळापुरती रक्कम हवी असते. जमातीने कर्ज-ए-हसना म्हणून दोन घरांपुरता फंड काढला, तर अनुदान आलं की तेवढे पैसे परत येतील आणि पुढच्या घराला मिळतील. मशिदीच्या मीटरला मात्र हे अनुदान नाही, ते घरगुती जोडणीलाच आहे.

आज घरी गेल्यावर लाईटबिलावरचं नाव बघा. ते हयात नसतील तर वारसांची पूर्ण यादी लिहा, बहिणींसकट. पुढच्या जुम्याला ती घेऊन या, अर्ज भरायला मी बसतो.