जाळीचे कपाट आणि काचेची टाकी

तुमच्या घरात एखादे जुने जाळीचे कपाट असेल. निदान तुमच्या आईच्या घरात तरी असेल. सागवानी चौकट, दारांना आणि पाठीला बारीक तारेची जाळी, आत तीन फळ्या. वरच्या फळीवर तूप आणि विरजण, मधल्या फळीवर दूध, खाली उरलेसुरले. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे, म्हणजे मुंग्यांची वाट बंद. फ्रीज आल्यावर या कपाटांची नोकरी गेली. कुणी त्यात जुनी वर्तमानपत्रे कोंबली, तर कुणी ते गॅलरीत लोटले. आमचे कपाट देवनारच्या घरी गॅलरीतच होते आणि भंगारवाल्याने त्याची जी किंमत सांगितली, ती ऐकून आई दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

आज त्या कपाटावर काचेची टाकी आहे आणि टाकीत मासे आहेत. पण हा शहाणपणा पहिल्या फटक्यात सुचला नाही. आधी एक फजिती झाली. तीच आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले.

माझ्या लहानपणी मला वडिलांनी मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. 1951 साली उघडलेले ते मत्स्यालय म्हणजे उपनगरातल्या मुलांची एक यात्राच होती. माझ्या मुलीला ते दाखवायचे राहून गेले. मग तिने घरातच मासे मागितले, आणि अपराधी बाप जसे करतो तसे मी लगेच कबूल केले. क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणले, टाकी करवून घेतली आणि ती ठेवली दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या नव्या कोऱ्या कपाटावर. दिसायला ते कपाट झकास होते. ते लाकडाचे नव्हे, लाकडाच्या चुऱ्याचे आहे, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि लक्षात येणे वेगळे.

चुऱ्याची फळी म्हणजे भुसा आणि रसायनाचा गोंद दाबून केलेली फळी. ती कोरडी असेपर्यंत बरी. तिच्या कापल्या कडेत पाणी शिरले, की ती फुगते, आणि एकदा फुगलेली फळी वाळली तरी पूर्वीची होत नाही. माशांचे पाणी बदलताना थोडे सांडतेच. जुलैत एक कोपरा फुगला. ऑगस्टमध्ये तोच कोपरा दबला. टाकी अर्ध्या बोटाने कलली. काच वाकणे जाणत नाही. जोडाचे सिलिकॉन मधल्या मध्ये ओढले गेले आणि रात्री दोन वाजता आमच्या दिवाणखान्यात तळे झाले. सात मासे होते. टाकीतले उरलेले पाणी बादलीत ओतून चार वाचवले. तीन मुलीने सकाळी कुंडीत पुरले. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतावर जो डाग उमटला, तो मला त्यांच्याकडे चहाला गेल्यावर अजून बघावा लागतो. ते काही बोलत नाहीत, हे जास्त वाईट.

ते कपाट मी फेकून दिले. देवनारला राहणाऱ्याला या शब्दांचा अर्थ जरा निराळा कळतो. इथले डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचे. मुंबईने टाकलेले इथे येते, आणि जानेवारी 2016 मध्ये त्या ढिगाऱ्याला आग लागली तेव्हा आम्ही खिडक्या लावून बसलो होतो. म्हणजे आमचे कपाट फारसे लांब गेले नसावे.

मग गॅलरीतल्या जाळीच्या कपाटाकडे लक्ष गेले.

मी शिकवतो अर्थशास्त्र. म्हणून हिशेबाला आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला बसवले. तुम्हीही हा हिशेब टाकी आणण्याआधी करा. तो पाचवीतल्या मुलाला येतो. टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर 159 लिटर. वरून दोन इंच रिकामी सोडली तर साधारण 140. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आठ मिलिमीटर जाडीच्या काचेचे तीसेक किलो, तळाला दोन इंच वाळूचे पंचवीसेक. सगळे दोनशे किलोच्या घरात गेले. म्हणजे तीन धष्टपुष्ट पाहुणे त्या कपाटावर बसले आहेत, आणि ते कधीच उठणार नाहीत!

दुसरा हिशेब जमिनीचा. राहत्या घराच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून आराखडे करतात. आमची टाकी दोनशे किलो, पण बसते जेमतेम एक-तृतीयांश चौरस मीटरवर. म्हणून ती खोलीच्या मधोमध ठेवायची नाही. भिंतीलगत, जिथे खाली तुळई असेल तिथे ठेवायची. इमारत जुनी असेल, सळया दिसू लागल्या असतील, तर आधी इंजिनिअरला विचारा. माशांची हौस लहान टाकीनेही भागते.

गोवंडी स्टेशनाकडून मी एका मिस्त्रींना घेऊन आलो. वय साठीचे, कानावर पेन्सिल. त्यांनी कपाटाला हात लावण्याआधी ते आडवे केले आणि पायांची टोके एका टोच्याने टोचून पाहिली. वर्षानुवर्षे वाट्यांतल्या पाण्यात उभे राहिलेले पाय! दोन ठणठणीत निघाले, दोन खाली बोटभर मऊ. चारही पाय सारखे दीड इंच कापले. तुमच्या कपाटात टोचा लोण्यासारखा आत गेला, किंवा बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येऊन बारीक माती गळली, तर ती वाळवी. ते लाकूड घ्यायचे नाही. आजोबांचे असले तरी घ्यायचे नाही.

मग त्यांनी सांधे पाहिले. जुन्या सुताराने आडव्या पट्टीचे टोक पायात कोरलेल्या भोकात बसवून वर लाकडाची खुंटी मारली होती. साठ वर्षांत तो सांधा हलला नव्हता. पण वरची फळी मात्र कडेच्या पट्टीला नुसती खिळ्यांनी टांगलेली होती. दुधाच्या पातेल्याला तेवढे पुरत होते.

मिस्त्री म्हणाले, "सर, खिळा धरून ठेवतो. पेलत नाही."

या एका वाक्यासाठी मी त्यांची मजुरी दुप्पट दिली असती. (दिली नाही, मागितली तेवढीच दिली.) वजन वरच्या चौकटीवरून सरळ पायांतून जमिनीत उतरले पाहिजे, वाटेत कुठेही ते खिळ्यावर किंवा स्क्रूवर लटकता कामा नये. त्यांनी चारही कोपऱ्यांत, पायांना चिकटून, जमिनीपासून वरच्या चौकटीच्या बुडापर्यंत सागाचे उभे तुकडे बसवले. चौकट आता त्या तुकड्यांवर टेकली. स्क्रू आहेत, पण ते तुकडे जागेवर ठेवण्यापुरते.

वरच्या फळीखाली पुढे-मागे दोन लांब पट्ट्या घातल्या, एक इंच जाड, तीन इंच रुंद. मी पट्टी आडवी ठेवली होती, ती त्यांनी न बोलता उभी केली. का, ते घरी करून बघा. शाळेची फूटपट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. उभी धरून वाकवा, वाकत नाही. लाकूड तेवढेच, पण उभ्या पट्टीचा ताठपणा आडव्या पट्टीच्या नऊपट. हा आकडा आमच्या सहकाऱ्याचा. मिस्त्रींना आकडा माहीत नव्हता, पट्टी कशी ठेवायची ते माहीत होते.

आता खरी मेख. टाकी पडते ती बहुधा खाली चेपून नव्हे, तर बाजूला लवंडून. काड्यापेटीचे बाहेरचे टरफल घ्या आणि कडेने जरासे ढकला. लगेच चपटे होते. आतला खण घालून ढकला; हलत नाही. आमच्या कपाटाची पाठ जाळीची, म्हणजे ते रिकामे टरफलच. मुलांनी पळताना धक्का दिला, की दोनशे किलो डुलणार. म्हणून मागची जाळी काढून तिथे बारा मिलिमीटरचे, पाण्याला टिकणारे प्लायवूड चहूकडून स्क्रूने आवळले. प्लायवूडवर आयएस 710 हा शिक्का पाहून घ्या. तो जहाजी प्लायवूडचा. दारांची जाळी मात्र ठेवली. आईची अट होती, आणि ती फायद्याची ठरली. बंद दारांच्या कपाटात पावसाळ्यात दमट हवा कोंडून बुरशी धरते. इथे वारा खेळतो. हवेचा पंप आतच असतो. त्याच्या वायरीला आधी खाली झोळ देऊन मग ती सॉकेटकडे नेली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी झोळातून खाली पडते, सॉकेटात जात नाही.

कपाट जागेवर ठेवून पाणसळ लावली. आमच्या फरशीला गॅलरीकडे उतार निघाला, जो वीस वर्षांत आम्हाला दिसला नव्हता. एका पायाखाली सागाची पातळ चकती घातली. पुठ्ठ्याची घडी घालू नका. ओली झाली की दबते, आणि मग पुन्हा रात्रीचे दोन.

एवढे झाल्यावरही मी टाकी ठेवली नाही. एकदा पोळलेला माणूस होतो. तीस किलोचे चार तांदळाचे कट्टे आणि उरलेल्या ऐंशी किलोंची पुस्तके कपाटावर रचली, फळीच्या कडेला दोरी ताणून बांधली आणि रोज सकाळी फळी दोरीपासून किती खाली गेली ते मोजले. दोन दिवसांत दोन मिलिमीटर. मग आठवडाभर तिथेच. मधल्या काळात वॉर्निशचा वासही उडून गेला. मग अर्धा इंच थर्मोकोल, त्यावर टाकी, आणि पाणी एकदम नव्हे, तीन दिवसांत तिसरा तिसरा हिस्सा. पाणी स्वतःच पाणसळ असते. चारही कोपऱ्यांत काठापासून सारख्या अंतरावर आले, तेव्हा मी खाली जाऊन काकांना वर बोलावले. त्यांनी टाकी पाहिली, वाकून कपाटाचे पाय पाहिले, आणि स्वतःच्या घरच्या अशाच कपाटाचे काय झाले ते आठवत बसले.

आई सुरुवातीला नाराज होती. "ज्यात जन्मभर दूध-तूप ठेवलं, त्याच्यावर मासे?" मग तिनेच वरची फळी माशांच्या खाण्याच्या डब्यासाठी मोकळी केली. आता मुंग्या येतात. पायांखाली पुन्हा वाट्या ठेवू या म्हणून ती रोज मागे लागते, आणि मिस्त्रींनी सक्त मनाई केली आहे. सध्या आमच्याकडे चारही पायांभोवती हळदीच्या रेघा आहेत.