पहारेकरी आणि औषधाची मात्रा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला आरोग्यावर कोणीतरी बोलावे असे ठरले, आणि मी तीस वर्षे परिचारिका होते म्हणून ते काम माझ्याकडे आले. आजचा विषय ऐकायला जरा अवघड आहे. कर्करोगावर आता अशी औषधे निघाली आहेत, की ती स्वतः रोगावर घाव घालीत नाहीत. आपल्याच शरीरातल्या पहारेकऱ्यांना कामाला लावतात. हा विषय घेण्याचे कारण मात्र आपल्या आळीतच आहे. सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास येतो, तो कोणाच्या घरून येतो हे मी सांगत नाही. तुम्हीही एकमेकींकडे पाहू नका.

मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो, याबद्दल आता वाद राहिलेला नाही. रोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने पुष्कळ जणी बऱ्या होतात. पण आपल्याकडे बाई फोड पदराआड लपवते आणि दवाखान्यात जाते तेव्हा तो मानेपर्यंत पसरलेला असतो. अशा वेळी काय करायचे, हा खरा प्रश्न.

पालखीच्या प्रस्थानाला आपल्या देहूत केवढी गर्दी होते, हे तुम्हांला सांगायला नको. बंदोबस्ताचे पोलीस त्या गर्दीत चोर हुडकीत असतात. एखादा खिसेकापू गळ्यात माळ घालतो, कपाळाला बुक्का लावतो, आणि हटकले तर म्हणतो, ‘माउली, मी दिंडीतलाच.’ पोलीस त्याला सोडून देतो. आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे असेच पोलीस. त्यांच्या अंगावर एक कळ असते, ती दाबली की पेशी स्वस्थ बसते. कळ आहे ती आपल्या भल्यासाठीच. नाहीतर हे पोलीस घरच्या माणसांवरच लाठी चालवतील. पण कर्करोगाची पेशी लबाड. ती नेमकी हीच कळ दाबून ठेवते.

ही कळ, म्हणजे पीडी-१, जपानातल्या होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडली. अमेरिकेच्या ॲलिसन यांनी अशाच दुसऱ्या एका कळीवर काम केले. २०१८ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. निवोलुमॅब नावाचे औषध पीडी-१ वर जाऊन बसते, म्हणजे चोराला कळ दाबायला जागाच उरत नाही. लस शरीराला शत्रूची आगाऊ ओळख करून देते. हे औषध पहारेकऱ्याचा बांधलेला हात सोडते, एवढा फरक.

आता किमतीकडे येऊ. ठरलेली मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि ती महिनोन्‌महिने. आपल्या देशात ज्यांना ती द्यायला हवी अशा शंभर रोग्यांत तिघांनाही ती परवडत नव्हती. औषध आहे आणि नाहीही, अशी गत. परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तेव्हा एक साधा प्रश्न विचारला, की इतके औषध लागते तरी का? कळ झाकायला थोडेसेही पुरते आणि ते पुष्कळ दिवस चिकटून राहते, असे आधीच्या प्रयोगांत दिसले होते. त्यांनी डोक्याच्या व मानेच्या कर्करोगाचे, बरे होण्याची आशा न उरलेले १५१ रोगी घेतले. निम्म्यांना घरी घ्यायच्या गोळ्या दिल्या. निम्म्यांना त्याच गोळ्या आणि शिवाय तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षाअखेर नुसत्या गोळ्यांवरचे शंभरांत १६ जिवंत होते, इंजेक्शन घेणारे ४३. ही हकिगत २०२२ साली प्रसिद्ध झाली. रुग्णालयात मी पुष्कळ नवी यंत्रे पाहिली, पण मला या प्रश्नाचे कौतुक अधिक वाटते. मात्रा कमी करण्यात औषध विकणाऱ्याचा काय फायदा? तो प्रश्न परवडत नाही त्यानेच विचारायचा असतो.

यावरून हा रोग बरा होतो, असे मात्र कोणी समजू नका. आमच्या वन्संना हीच छोटी मात्रा मिळाली. चाळीस वर्षांची मशेरी होती. इंजेक्शन सुरू झाल्यावर त्या चौदा महिने राहिल्या. त्यांतले दहा महिने स्वतःच्या हाताने भाकरी कुस्करून जेवल्या. घर विकावे लागले नाही. मी एवढेच सांगू शकते.

शिवाय पोलीस मोकळे सुटले की वारकऱ्यांनाही मार बसू शकतो. जुलाब थांबत नाहीत, धाप लागते, कावीळ होते, थायरॉइड बिघडते. असे काही झाले तर घरगुती उपाय करीत बसायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. कोणाला किती मात्रा, हेही तेच ठरवतील. आणि कोरोनापासून बाजारात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे व गोळ्या विकताहेत, त्यांचा या औषधांशी काडीचा संबंध नाही.

रक्ताच्या काही कर्करोगांवर रोग्याच्याच टी-पेशी काढून, बदलून परत देण्याचा उपचार पवईच्या आयआयटीने टाटाच्या साथीने सिद्ध केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

चहा झाल्यावर मी आतल्या खोलीत बॅटरी घेऊन बसणार आहे. तोंडात पांढरा चट्टा असेल, तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, किंवा दोन-तीन आठवडे न भरलेला फोड असेल, तर या. सासूबाईंनाही आणा. फक्त यायच्या आधी मशेरी लावू नका, मला काही दिसत नाही.