वाढत्या अंगाचे माप : जिम्नॅस्ट मुलींचा स्पर्धेचा पोशाख

मराठी घरात मुलांचे कपडे शिवावयास टाकताना शिंप्याला एक सूचना हटकून दिली जाते : ‘वाढत्या अंगाचे शिवा.’ परकराची दुमड, गणवेशाच्या शिवणीत दाबून ठेवलेले दोन बोटे कापड, पुढच्या वर्षी सोडता येईल असा विजारीचा पायघोळ काठ, ही सारी काटकसर शहाणपणाचीच आहे. एका पोशाखाच्या बाबतीत मात्र ही रीत उपयोगी पडत नाही. उलट अपायकारक ठरते. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत मुली घालतात तो लिओटार्ड हा तो पोशाख होय.

शाळांतून व क्रीडासंकुलांतून आज लहान मुली मोठ्या संख्येने या खेळाकडे येत आहेत. त्यांना शिकवणारे शिक्षक, साहित्याची खरेदी करणारे अधिकारी आणि गावच्या शाळेच्या गरजांकडे लक्ष देणारे पंचायत सदस्य, या तिघांच्याही हाती या पोशाखाचा निर्णय केव्हा ना केव्हा येतो. म्हणून हा विषय थोड्या तपशिलाने समजून घेणे अगत्याचे आहे.

लिओटार्ड हे नाव एका माणसाचे आहे. फ्रान्समधील तुलूझ येथील ज्यूल लिओतार या कसरतपटूने १८५९ साली पॅरिसच्या सर्कशीत झुलत्या दांड्यावरून झुलत्या दांड्यावर झेप घेण्याचा खेळ करून दाखविला. अंगाच्या हालचाली स्पष्ट दिसाव्यात आणि कापड कोठे अडकू नये म्हणून तो अंगाबरोबर बसणारा एकसंध पोशाख घालीत असे. त्याच्या पश्चात त्या पोशाखाला त्याचे नाव मिळाले. पुढे १९५८ साली अमेरिकेत स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा धागा तयार झाला आणि नायलॉनबरोबर तो विणल्यामुळे आजचा चहूबाजूंनी ताणणारा कपडा शक्य झाला. उद्देश मात्र दीडशे वर्षांपूर्वीचाच आहे. पंचाला गुडघा, कंबर व खांदा यांची रेषा दिसली पाहिजे आणि खेळाडूला पोशाखाची आठवण होता कामा नये.

सैल लिओटार्डमध्ये या दोन्ही गोष्टी बिघडतात. कमरेशी चुण्या पडल्या की सरळ असलेली पाठही वाकडी भासते. मनगटाच्या पुढे येणारी बाही बार्सवर पकड घेताना हाताखाली सापडली तर इजा होऊ शकते. मुंढा मोठा असला तर हातांवर उभे राहताना कापड सरकते, आणि मुलीचे लक्ष तोलावरून उडून अब्रूकडे जाते. अवघ्या दहा सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर असे लक्ष उडणे म्हणजे खाली येणेच होय. उलट आखूड लिओटार्ड खांद्यावर लाल वळ उठवतो, गळा खाली खेचतो आणि मागे सरकून वर चढतो. अशा पोशाखातील मुलगी दोन उड्यांच्या मध्ये कापड ओढून नीट करीत राहते, हे कोणत्याही स्पर्धेत पाहावयास मिळते.

पोशाखाचा हिशोब गुणांतही होतो. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या महिलांच्या नियमावलीप्रमाणे लिओटार्ड पारदर्शक नसावा, खांद्यावरील पट्टी किमान २ सेंटिमीटर रुंद असावी, समोरचा गळा छातीच्या मधल्या हाडाच्या निम्म्याहून खाली आणि मागचा गळा खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या रेषेहून खाली नसावा, पायाचा काप कमरेच्या हाडाच्या वर जाऊ नये. नियमबाह्य पोशाखाला ०.३० गुणांची वजावट आहे. हा आकडा किरकोळ वाटेल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्रिपुराची दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली. तिचे गुण १५.०६६ होते, तर कांस्यपदकाचे गुण १५.२१६. अंतर ०.१५० चे, म्हणजे त्या वजावटीच्या निम्मे! याच दीपाने आपली पहिली स्पर्धा उसना आणलेला, अंगाला मोठा होणारा पोशाख घालून खेळली, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. तिच्या जिद्दीने त्या पोशाखावर मात केली. पण प्रत्येक मुलीकडून तशी अपेक्षा करणे न्याय्य नाही. शालेय व राज्य स्पर्धांचे नियम काही बाबतींत वेगळे असू शकतात, तेव्हा संबंधित परिपत्रक आधी वाचावे.

आता मापाकडे वळू या. वय सांगून किंवा उंची सांगून लिओटार्ड मागविणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत फसवी पद्धत आहे. छाती, कंबर व बैठक ही तीन मापे शिंपी घेतोच. लिओटार्डसाठी चौथे माप निर्णायक असते, ते म्हणजे धडाचा फेरा. टेपचे टोक एका खांद्याच्या मध्यावर धरावे, टेप छाती-पोटावरून खाली, दोन्ही पायांच्या मधून मागे आणि पाठीवरून वर त्याच खांद्यावर त्याच बिंदूपाशी आणावा. टेप अंगाला लागलेला असावा, आवळलेला नसावा. छातीचे माप एका आकारात आणि फेऱ्याचे दुसऱ्या आकारात बसत असेल, तर फेऱ्याप्रमाणे आकार निवडावा. कापड आडवे ताणून छातीला सामावून घेते. धडाला आखूड पडलेला लिओटार्ड मात्र खांदा आणि जांघ या दोन्ही ठिकाणी काचतो. मुलांच्या पोशाखालाही हेच माप लागू आहे. त्यांचा वरचा एकसंध भाग आणि त्यावरील लांब किंवा आखूड विजार असा तो पोशाख असतो.

वाढीचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्यावे लागते. बालपणी मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. मुलींची वेगाने उंच होण्याची वेळ बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. तेव्हा वर्षाला आठ सेंटिमीटरच्या आसपास वाढ होऊ शकते. परंतु सारे अंग एकाच वेळी वाढत नाही. आधी पाय लांब होतात, धड मागून वाढते. त्यामुळे मुलगी डोळ्यांदेखत उंच झाली तरी जुना लिओटार्ड तिला बरा बसतो आणि पालक निश्चिंत होतात. काही महिन्यांनी उंचीचा वेग मंदावतो, धड वाढू लागते, आणि ‘आता तर ही फारशी वाढलीही नाही’ असे घरी वाटत असतानाच पोशाख काचू लागतो. फेरा पुढून खाली व मागून वर असा दुहेरी जातो, म्हणून धड ३ सेंटिमीटर वाढले तर फेरा सुमारे ६ सेंटिमीटरने वाढतो. शाळेत उंची घेताना मुलीला पाटावर बसवून भिंतीशी बसकी उंचीही नोंदविली, तर हा बदल वेळेवर कळतो. दर तीन महिन्यांनी एवढे केले तरी पुरे.

यावरून खरेदीचे वेळापत्रकही ठरते. आर्थिक वर्षाच्या अखेरीस निधी खर्ची पडावा म्हणून मार्चमध्ये पोशाख घ्यावयाचे आणि स्पर्धा हिवाळ्यात, अशा व्यवस्थेत सात-आठ महिन्यांत मुलीचे अंग बदललेले असते. खरेदीची मंजुरी आधी घेऊन प्रत्यक्ष मापे स्पर्धेच्या सहा ते आठ आठवडे आधी द्यावीत. शिलाई, चाचणी व दुरुस्ती यांना तेवढा अवधी लागतो. निविदेत ‘नग २०, वय १० ते १४’ एवढेच लिहिल्यास पुरवठादार वीस नग देईल, वीस मुलींचे पोशाख देणार नाही. संघासाठी सारख्या रंगाचे पोशाख घेताना एक-दोन नग मोठ्या फेऱ्याचे अधिक घ्यावेत. अडचणीच्या वेळी ते उपयोगी पडतात.

माप कोणी घ्यावे, हा प्रश्न आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला आपल्या बदलत्या शरीराचा संकोच असतो. चार जणांसमोर तिचे माप मोठ्याने वाचले गेले तर ती कदाचित तक्रार करणार नाही. सरावाला येणे मात्र बंद करील. माप शिक्षिकेने अथवा आईने आडोशाला, पातळ व घट्ट कपड्यांवरून घ्यावे. फेरा घेताना टेप मुलीने स्वतः पायांमधून घ्यावा. मोजणाऱ्या बाईंनी केवळ खांद्यावरचा आकडा वाचून वहीत मुकाट्याने लिहावा. शरीराविषयी शेरा, कौतुकाचासुद्धा, करू नये. बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा अधिनियम शिक्षकांना परिचित आहेच; येथे कायद्याच्याही आधी साधी मर्यादा पुरेशी आहे.

मासिक पाळी सुरू झालेल्या मुलींसाठी गडद रंगाचा व अस्तर लावलेला लिओटार्ड निवडावा, आणि तो सर्व संघाचा एकच असावा, म्हणजे कोणी वेगळे दिसत नाही. काही घरांत उघड्या पायांच्या पोशाखाला विरोध असतो. तेथे वाद घालीत बसण्याचे कारण नाही. नियमावलीला घोट्यापर्यंतचा पूर्ण पोशाख मान्य आहे. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या महिला संघाने तो मुद्दाम घातला होता, आणि ज्या पोशाखात मोकळे वाटेल तो खेळाडूने निवडावा ही त्यामागील भूमिका होती. आपल्याकडे दोरीच्या मल्लखांबावर मुलींना पाय झाकणारा पोशाख अपरिचित नाही. एका विजारीमुळे एक मुलगी मैदानावर टिकत असेल तर तो सौदा स्वस्तच म्हणावयाचा. पूर्ण पोशाखाला मात्र पायाची आतील लांबी हे पाचवे माप लागते.

गावच्या शिंप्याकडून लिओटार्ड शिवून घेता येतो, परंतु साध्या सरळ टाक्याने नव्हे. कापड ताणले की तो टाका तुटतो. ओव्हरलॉक किंवा नागमोडी टाका आणि ताणणारा धागा हवा. कापडाचा अधिक ताण अंगाभोवती येईल अशा रीतीने काप करावा. खड्यांची किंवा चकाकत्या मुलाम्याची नक्षी जेथे असेल तेथे कापड कमी ताणते, हे विसरू नये. छाती व कमरेवर नक्षीची गर्दी असलेला पोशाख त्याच मापाच्या साध्या पोशाखाहून घट्ट होतो. खांद्याची शिवण उसवून तेथे त्याच कापडाची पट्टी जोडल्यास एखादा हंगाम निभावतो. वाढत्या अंगाची सोय करावयाची ती एवढीच.

पोशाख आला की त्याची चाचणी आरशासमोर उभे राहून होत नाही. मुलीने हात वर ताणावेत, उकिडवे बसावे, कमान करावी, पाय फाकून बसावे, हातांवर उभे राहावे आणि मग संपूर्ण रचना एकदा करावी. या सर्वांत तिने एकदाही कापडाला हात लावला नाही तर माप बरोबर आहे. खांद्याच्या पट्टीखाली एक बोट सहज जावे, दोन गेल्यास सैल समजावे. ही चाचणी स्पर्धेच्या सकाळी नव्हे, किमान पंधरा दिवस आधी व्हावी.

लिओटार्ड लवकर आखूड होतो, पण लवकर फाटत नाही. म्हणून शाळेने किंवा केंद्राने एक कपाट ठेवून अंगाला लहान झालेले पोशाख धुऊन जमा करावेत व प्रत्येकावर फेऱ्याचा आकडा लिहिलेली चिठ्ठी लावावी. वयाचा किंवा नावाचा उल्लेख नको. दरवर्षी नवा पोशाख न परवडणाऱ्या घरांना यातून मापाचा पोशाख मिळतो. धुताना थंड पाणी व सौम्य साबण वापरावा, पिळू नये, ब्लीच व इस्त्री टाळावी, उलटा करून सावलीत वाळवावा. ओला लिओटार्ड पिशवीत तसाच ठेवून दिल्यास त्याला वास लागतो आणि ताणही जातो. पायाच्या कडेचे इलॅस्टिक ओढून सोडल्यावर पूर्ववत आखडत नसेल, तर तो नग कपाटातून काढून टाकावा.