गर्दी नेमकी कुठे तुंबते?

(सोनपेठ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर वेगवान कसं करावं, असा विषय व्याख्यानमालेत ठेवणाऱ्या संयोजकांच्या धाडसाला आधी दाद देतो. काल इथे संतसाहित्यावर बोलणं झालं, उद्या इतिहासावर होणार आहे. मधल्या दिवशी हा रुक्ष माणूस कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते गैर नाही. पण विषय वाटतो तेवढा लांबचा नाही. सोनपेठ गावात रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर गंगाखेड, परळी नाहीतर परभणी गाठावी लागते. तिकीट मात्र आपण इथेच, हातातल्या मोबाइलवर काढतो. पोरगं पुण्याला शिकतंय, त्याला अचानक घरी यायचंय, नांदेड-पनवेल गाडीचं स्लीपरचं तत्काळ तिकीट हवंय. सकाळी अकरा वाजता पडद्यावर चक्र फिरू लागतं, आणि ते थांबेपर्यंत प्रतीक्षा यादी लागलेली असते. ते फिरणारं चक्र हाच आजचा विषय.

रेल्वेची तिकिटं विकणारी आयआरसीटीसीची साइट म्हणजे एक दुकानच. ऑगस्ट २००२ मध्ये तिथे तिकीटविक्री सुरू झाली. तेव्हा पैसे संगणकावर भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं. घरीच छापून घ्यायचं ई-तिकीट २००५ मध्ये आलं. हे दुकान फक्त गल्ला आहे, कोठार दुसरीकडे आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोणत्या गाडीत कोणता बर्थ रिकामा आहे, याची वही रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेत असते. ही यंत्रणा ‘क्रिस’ ही रेल्वेचीच संस्था सांभाळते. तिची मूळ केंद्रं पाच: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद. आपला नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो, म्हणून आपला संबंध सिकंदराबादशी. परभणी स्टेशनच्या खिडकीवरचा बाबू आणि तुमचा मोबाइल, दोघेही शेवटी त्याच वहीत हात घालतात.

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग तुम्ही पाहता. कारखान्याने आवार दुप्पट केलं, आणखी दोन फाटकं काढली, तरी वजनकाटा एकच असेल तर रांग तेवढीच राहते, फक्त रस्त्यावरून आवारात येते. मंद दुकानाचा मालक बहुतेक वेळा नेमकं हेच करतो. आणखी मोठा सर्व्हर घेतो, म्हणजे आवार वाढवतो. काटा कोणता, हे विचारतच नाही.

रेल्वेने ते विचारलं. एप्रिल २०१४ मध्ये आयआरसीटीसीची नव्या पिढीची ई-तिकीट यंत्रणा सुरू झाली. आधी मिनिटाला सुमारे २,००० तिकिटं निघत. ती क्षमता ७,२०० वर गेली. एकाच वेळी ४०,००० लोक आत येऊ शकत होते, ते १,२०,००० झाले. यामागे नुसती यंत्रांची भर नव्हती. तिकिटाच्या दुकानात येणाऱ्यांपैकी बरेचजण नुसते विचारून जातात. आज नाही तर उद्या आहे का, स्लीपर नाही तर थ्री एसी आहे का, देवगिरी एक्स्प्रेसला नाही तर नंदीग्रामला आहे का? या प्रत्येक प्रश्नासाठी मूळ वही उघडायची आणि डिस्कवरून माहिती शोधून आणायची, तर ज्याला खरंच विकत घ्यायचंय तो मागेच राहतो. म्हणून वारंवार लागणारी माहिती यंत्राच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, तयार ठेवली. विचारणाऱ्याला तिथून उत्तर द्यायचं आणि मूळ वहीकडे फक्त घेणाऱ्याला पाठवायचं.

माझ्या मते वेगवाढीचं निम्मं शास्त्र या एका वाटणीत आहे: काय नुसतं वाचायचं आहे, आणि काय बदलायचं आहे. वाचण्याच्या गोष्टीच्या हव्या तेवढ्या नकला करता येतात. बदलण्याच्या गोष्टीची नक्कल करता येत नाही. ३२ नंबरचा बर्थ एकच आहे, तो दोघांना विकला तर डब्यात भांडण ठरलेलं. त्यामुळे एकाचा व्यवहार चालू असताना त्या बर्थच्या नोंदीला क्षणभर कुलूप लावावं लागतं, आणि बाकीच्यांना थांबावंच लागतं. हे थांबणं शून्यावर आणू, असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर माझा विश्वास बसत नाही. कुलूप किती क्षण लागतं आणि त्या दाराशी विनाकारण कितीजण येतात, एवढंच आपल्या हातात असतं.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. शासनाचं एक दुकान तुम्ही सगळे वापरता, फक्त त्याला दुकान म्हणत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, तो सुरू झाला. पंधरा रुपये भरा, उतारा उतरवून घ्या. इथे माल संपतच नाही. एका गटाचा उतारा शंभर जणांनी घेतला तरी शंभरही जणांना तो मिळतो. शिवाय तुम्ही मागणी केल्यावर तलाठी सही करायला बसत नाही, सही आधीच होऊन उतारा ठेवलेला असतो. फेरफार मंजूर होऊन नोंद बदलली की तेवढाच उतारा पुन्हा सही करून ठेवायचा. गर्दी येण्याच्या आधीच काम उरकून ठेवण्याची ही पद्धत तिकिटाला चालत नाही, पण उताऱ्याला उत्तम चालते. तेव्हा सातबाऱ्याची साइट अडखळली तर कारण बर्थच्या कुलपासारखं अटळ नसतं. ते दुरुस्त होण्याजोगं असतं आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा आपल्याला पुरा हक्क आहे.

ई-पीक पाहणीचं अॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून आलं, त्यात आणखी एक तोडगा दिसतो. शेतात रेंज नसते, म्हणून नोंद आणि फोटो आधी मोबाइलमध्येच साठवायचे आणि नेटवर्क मिळाल्यावर वर पाठवायचे. म्हणजे रांगेतला काही भाग ज्याच्या त्याच्या खिशात ठेवला. तरी मुदतीच्या शेवटच्या दिवशी काय होतं ते पीकविम्याच्या अनुभवावरून तुम्हाला माहीतच आहे. महिनाभर मोकळी असलेली यंत्रणा शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या जिल्ह्यांकडून एकदम ठोठावली जाते, आणि ई-सेवा केंद्रावरचा पोरगा रात्रभर जागतो. मुदत गावागणिक वेगवेगळ्या दिवशी संपवली, तर त्याच यंत्रणेवर काम भागेल.

रेल्वेने वेळेचा उपाय केलासुद्धा. पूर्वी तत्काळ सकाळी आठला उघडायचं, नेहमीच्या आरक्षणाच्याच वेळेला. जुलै २०१२ पासून ते दहाला नेलं. जून २०१५ पासून त्याचेही दोन भाग केले, वातानुकूलितचं दहाला आणि बाकीचं अकराला. एक ढीग होता, त्याचे तीन झाले. सॉफ्टवेअरच्या इतिहासात याला कुणी मोठं स्थान देणार नाही. मी देतो, कारण यंत्रं बदलायला कोट्यवधी लागतात आणि घड्याळ बदलायला एक परिपत्रक पुरतं.

आणि गर्दी खरी आहे का, तेही तपासावं लागतं. २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजताच्या पहिल्या एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, तोवरचा उच्चांक. पण रेल्वेनेच सांगितलं की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात, त्यांतले ५० टक्क्यांपर्यंत बॉटचे असतात. बॉट म्हणजे माणसाऐवजी भराभर फॉर्म भरणारं सॉफ्टवेअर, बहुधा कुण्या दलालाचं. म्हणजे तुमच्या पुढे रांगेत उभं असलेलं निम्मं जग माणूसच नव्हतं! अडीच कोटी खाती बंद केली गेली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली, आणि एजंटांना पहिला अर्धा तास दार बंद झालं. साइटवरची चित्रं, मांडणी असा जो ठरीव भाग असतो, त्यातला ८७ टक्के जवळच्या साठवण-सर्व्हरांवरून दिला जाऊ लागला, मूळ यंत्रणेवर त्याचा भार राहिला नाही. आधार नसलेल्या किंवा मोबाइल क्रमांक जोडलेला नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची आधारच्या सक्तीमुळे अडचण होते, हे मान्य केलं पाहिजे. वेग काहीजणांना बाहेर ठेवून मिळवला, तर तो कुणाचा वेग, हा प्रश्न उरतोच.

खासगी दुकानांची कथा वेगळी नाही. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ केला. तयारी दणक्यात होती, तरी साइट कोलमडली, आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. अॅमेझॉनचं दुकान सुरुवातीला एकाच भल्यामोठ्या प्रोग्रॅमवर चालायचं. त्याचं नाव ओबिदोस, ब्राझीलमध्ये अॅमेझॉन नदीचं पात्र जिथे सगळ्यात अरुंद होतं तिथल्या गावाचं. नावात भविष्यच होतं, कारण पुढे तोच प्रोग्रॅम अरुंद ठरला. कंपनीने तो एका रात्रीत फेकला नाही. किंमत, शोध, शिफारशी, पैसे, अशी एकेक सेवा वेगळी काढत २००६ पर्यंत त्याला निवृत्त केलं.

आता इथल्या तरुण मंडळींसाठी. तुमच्यापैकी कुणी हळद, तूरडाळ, गूळ ऑनलाइन विकत असेल किंवा विकू पाहत असेल. प्लॅटफॉर्म जुना झाला, बदला, असा फोन तुम्हाला एक दिवस येणारच. त्यात तथ्य असू शकतं. मॅजेंटो हा दुकानं चालवणारा प्रसिद्ध प्लॅटफॉर्म. त्याची पहिली आवृत्ती २००८ ची, दुसरी नोव्हेंबर २०१५ ची. पहिलीला सुरक्षेची दुरुस्ती देणं ३० जून २०२० ला थांबलं. त्याच सप्टेंबरात एका शनिवार-रविवारच्या सुमारास जुन्या आवृत्तीवरच्या सुमारे दोन हजार दुकानांत चोरांनी कार्डांची माहिती टिपणारा कोड घुसवला. जवळपास पाच वर्षं हाताशी असून लोक हलले नव्हते. तेव्हा आधार संपलेल्या आवृत्तीवर बसून राहू नका. अशी दुकानं ज्या पीएचपी भाषेत लिहिलेली असतात, तिच्या पाचव्या आवृत्तीवरून सातवीवर गेल्यावर कितीतरी दुकानांचा वेग जवळपास दुप्पट झाला, तोही दुकानाचं रूप न बदलता. असा बदल आधी करावा.

पण फोन करणाऱ्याला एक प्रश्न विचारा: माझ्या दुकानात वेळ कुठे जातो, ते मोजून दाखवशील का? खूपदा उत्तर लाजिरवाणं निघतं. मोबाइलवर काढलेला हळदीचा पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. डेटाबेसला इंडेक्स नसतो, त्यामुळे एक वस्तू शोधायला तो सगळी वही पहिल्या पानापासून चाळतो. कुणीतरी बसवलेली वीस प्लगइनं असतात, त्यातली चार लागतात. हे झाडून काढलं की प्लॅटफॉर्म बदलायची घाई निम्म्यांना उरत नाही. ज्यांना उरते त्यांनी दुकानाची जुळी नक्कल करून बदल आधी तिथे चालवावा, जुन्या पत्त्यांवरून नव्या पानांवर वाट जोडून द्यावी, आणि दिवाळीच्या तोंडावर काहीही बदलू नये.

एका झटक्यात सगळं बदलण्याची किंमत बघायची असेल तर ब्रिटनमधली टीएसबी बँक आहे. एप्रिल २०१८ मध्ये शनिवार-रविवार साधून तिने पन्नास लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती नव्या यंत्रणेवर हलवली. माहिती नीट पोचली, पण यंत्रणा भार पेलेना. एकोणीस लाखांपर्यंत लोकांना आपलं खातं उघडता येईना. २०२२ च्या डिसेंबरात नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला.

रेल्वेपुढे आज हेच काम आहे. आरक्षणाची वही सांभाळणारी सध्याची यंत्रणा २०१० पासूनची, इटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएसवर चालणारी. इटॅनियम बनवणं इंटेलने केव्हाच बंद केलं. जून २०२५ मध्ये जाहीर झालेलं उद्दिष्ट असं: मिनिटाला ३२ हजारांऐवजी दीड लाख तिकिटं, आणि चार लाखांऐवजी ४० लाख चौकशा. या दोन आकड्यांत तिकिटं पाचपटीच्याही खाली आणि चौकशा दहापट वाढवल्या आहेत, म्हणजे वाचणारे आणि घेणारे यांची वाटणी रेल्वेला चांगलीच कळली आहे. वही बदलायला सवड मात्र थोडी मिळते. आयआरसीटीसीचं दुकान रोज रात्री पावणेबाराला शटर ओढतं आणि बारा वीसच्या सुमारास पुन्हा उघडतं. दिवसाचा हिशेब मिटवायला ही पस्तीस मिनिटं लागतात, आणि साठ दिवस पुढच्या गाड्यांचे विकलेले बर्थ त्या वहीत आधीच लिहिलेले असतात. नव्या वहीत ते सगळे एकही न चुकता, गाडी न थांबवता उतरवायचे आहेत.