पावती नसलेली देणगी



रुग्णालयाचा अहवाल हा उपचारांचा हिशेब असतो. जी इजा टळली, तिची नोंद मात्र कोणत्याच खात्यात होत नाही. आज त्या जमेविषयी आम्ही बोलू इच्छितो.

४ सप्टेंबर २०२२ रोजी, पूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या चारोटीनजीक, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मोटार अपघातात मृत्युमुखी पडले. दोघेही मागील आसनावर, पट्ट्याविना बसले होते. पुढील आसनांवरील दोघे बचावले.

मागील प्रवाशांस पट्ट्याची सक्ती त्यापूर्वीही होती. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १,००० रुपये झाला. तथापि दंडाइतकाच पट्ट्याचा दर्जाही महत्त्वाचा आहे. केवळ कमरेचा पट्टा छातीस आधार देत नाही. नील्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलेला तीन बिंदूंचा पट्टा छाती व कंबर दोन्ही सावरतो. मागील मधल्या आसनासह प्रत्येक आसनास असा पट्टा व आठवण देणारा गजर कायद्यानेच असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु गजर गप्प करणाऱ्या क्लिपाही बाजारात खपल्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास त्यांची ऑनलाइन विक्री थांबविण्याचे आदेश द्यावे लागले. कायदा पट्टा बसवील; तो लावणे आपल्याच हाती आहे.

म्हणून आनंदनगरहून घरी परतताना मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांस पट्टा लावण्याचा आग्रह धरावा, ही नम्र विनंती. त्या देणगीची पावती आम्हांस देता येणार नाही. तिचे मोल मात्र आम्ही जाणतो.