नऊ मिनिटांचा चित्रपट आणि आम्ही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गुवाहाटी येथे केलेले भाषण)



चित्रपट या विषयावर बोलण्याचा आम्हांस काडीचाही अधिकार नाही. आमची हयात केंद्र सरकारच्या कचेरीत हिशेब तपासण्यात गेली. शिक्षण म्हणाल तर बी. ए., तेही इतिहास घेऊन. तथापि २०२२ च्या डिसेंबरात मंडळाने एक लघुपट काढावयाचे ठरविले आणि, जो कचेरीत दौरे आखतो तो चित्रीकरणही आखील अशा समजुतीने, दिग्दर्शनाची माळ आमच्या गळ्यात पडली. त्या उद्योगात आम्ही ज्या चुका केल्या, त्याच आज आपल्यापुढे मांडतो.

कथा साधी होती. गुवाहाटीत वाढलेली आठ वर्षांची नात, पुण्याहून आलेली आजी आणि संक्रांतीचा तिळगूळ. संहिता मात्र आम्ही बावीस पानांची लिहिली. एका पानास सुमारे एक मिनिट हा या धंद्यातील ठोकताळा आम्हांस मागाहून कळला. आमची नात आजीस विचारी, "आजी, तिळगुळाच्या या मंगल परंपरेचे महत्त्व मला विशद करशील का?" हे वाक्य वाचून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, घरात असं कोण बोलतं?" आम्ही तिकडे दुर्लक्ष केले.

पहिला धडा सूर्यनारायणाने दिला. दुपारी तीन वाजता सर्वांनी जमावे, असे आम्ही कळविले. पुण्यामुंबईच्या हिशेबाने सहापर्यंत उजेड गृहीत धरला होता. येथे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे सात वर्षे येथे राहूनही आमच्या ध्यानात आले नाही. नेसणेसवरणे होईतो चार वाजले आणि पहिल्या दिवशी अवघी दोन दृश्ये पदरात पडली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळी सातलाच पूर्वेच्या खिडकीपाशी बसू लागलो. खिडकीसमोर पांढरी चादर ताणून धरली की काळोख्या बाजूचा चेहराही उजळतो, हे एका तरुण सभासदाने दाखविले. त्या गडबडीत आजीबाई वेगळे लुगडे नेसून आल्या. परिणामी आमच्या चित्रपटात आजी एकच लाडू हिरव्या लुगड्यात वळू लागतात आणि जांभळ्या लुगड्यात पुरा करतात!

दुसरा धडा आवाजाचा. चित्रीकरण मोबाईलवर होते आणि चित्र सुरेख येत होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दोन दिवसांचे काम झाल्यावर कानाला यंत्र लावून ऐकले, तेव्हा प्रत्येक संवादामागे फ्रिजची घरघर! दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून पाहिली होती. आम्ही मिनिटभराचा प्रयोग करून तो ऐकला असता, तर दोन दिवस वाचते.

तिसऱ्या दिवशी फ्रिज बंद करून, गळ्याशी लावायचा छोटा ध्वनिग्राहक मिळवून आम्ही नव्याने आरंभ केला. 'विशद' या शब्दाशी मुलगी अकरा वेळा अडखळली. अखेर आम्ही जेवणाची सुटी दिली, ध्वनिग्राहक काढला, फ्रिज सुरू केला. मोबाईल बंद करावयाचा मात्र राहिला. मुलीने ताटातला लाडू उचलला आणि म्हणाली, "आजी, हा लाडू म्हणजे तिल-पिठाच ना? फक्त गोल बनला आहे!" आजीबाई खळखळून हसल्या. "हो गं बाई. तुझा पिठा, माझा लाडू. तीळ तेच, गूळ तोच."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. माघ बिहू संक्रांतीच्याच सुमारास येतो आणि तेव्हा आसामी घरांत तांदळाच्या पिठाच्या सुरळीत तीळगूळ भरून तिल-पिठा करतात. आम्ही बावीस पानांत जे सांगू शकलो नाही, ते त्या मुलीने एका वाक्यात सांगितले होते. पण त्यामागे फ्रिज घरघरत होता! आम्ही तेच वाक्य तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले; ते पाठांतर झाले. नुसता आवाज वेगळा घेऊन पाहिला, ओठ जुळेनात.

याच भूमीत ज्योतिप्रसाद आगरवाला यांनी १९३५ साली 'जयमती' हा पहिला आसामी बोलपट काढला. चित्रीकरण भोलागुरीच्या चहामळ्यात झाले. संकलनाच्या वेळी बराचसा आवाज निकामी निघाला, तेव्हा स्त्रीपुरुष पात्रांचे संवाद त्यांनी स्वतः म्हटले. गुवाहाटीचा ज्योति चित्रबन स्टुडिओ त्यांच्याच नावाचा. आमच्या अंगी ते बळ नव्हते. आम्ही घरघरीसकट ते दृश्य ठेवावयाचे ठरविले.

खरा प्रश्न पुढे आला. कार्यकारिणीत चित्रपट पाहून एक ज्येष्ठ सभासद उद्विग्न झाले. मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग त्यांनी अनेक वर्षे चालविला आहे. ते म्हणाले, "'बनला आहे'! हीच मराठी आता जगाला दाखवायची? मग आम्ही वर्ग कशासाठी चालविले?" त्यांचे दुःख खोटे नव्हते. आमचा स्वतःचा मुलगाही आम्हांस हिंदीतून उत्तरे देतो. त्यामुळे त्यांना समजाविण्याचा धीर आम्हांस होईना. एवढेच म्हणालो, "काका, संहितेतली शुद्ध मराठी आमची होती. ही तिची आहे. आजीशी बोलावेसे वाटले तेव्हा ती हिंदीकडे वळली नाही."

बैठक दोन तास चालली. दृश्य राहिले आणि 'विशद' गेले. बावीस पानांची नऊ मिनिटे झाली. २०२३ च्या संक्रांतीला चित्रपट दाखविला, तेव्हा सभागृह त्या एकाच ठिकाणी मनमोकळे हसले. काका आमच्यापाशी येऊन म्हणाले, "फ्रिज तेवढा बंद करावयास हवा होता." मात्र त्यानंतरच्या रविवारपासून त्यांनी वर्गात एक बदल केला. मुलांना आधी मनसोक्त बोलू द्यावयाचे आणि चुका शेवटी सांगावयाच्या. ती मुलगी अजूनही 'बनला'च म्हणते; पण वर्ग चुकवीत नाही.

तेव्हा इतर मंडळांतील हौशी मित्रांना आमची विनंती इतकीच. उजेडाची वेळ आधी पाहा, फ्रिज बंद करा, संहिता घरातल्या माणसांना वाचून दाखवा आणि त्यांचे ऐका. आणि मुले बोलू लागली की आपण गप्प बसा. हे शेवटचे आम्हांस सर्वांत जड गेले.